बोटांच्या मोलाने

चाकण, भोसरी, वाळूज, सातपूर, अंबड, बुटीबोरी ही महाराष्ट्राच्या औद्योगिक वैभवाची ठाणी आहेत. येथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीत, दुचाकीत आणि घरगुती यंत्रात पत्र्याचे अनेक सुटे भाग असतात आणि ते पॉवर प्रेसखाली कापले, वाकवले, दाबले जातात. त्याच प्रेसखाली तरुण कामगारांची बोटे, पंजे आणि मनगटे चिरडली जात आहेत. पहिल्या पाळीत एक हात जातो, प्रेस पुसली जाते आणि दुसऱ्या पाळीला त्याच प्रेसवर दुसरा हात बसवला जातो. या अंगभंगाचे कारण ठाऊक आहे, उपाय ठाऊक आहे आणि उपायाचा खर्चही ठाऊक आहे. दैवाला दोष देण्याची सोय त्यामुळे कोणालाच उरलेली नाही. आणि या दुर्लक्षाची किंमत एकटा जखमी कामगारच मोजेल, या भ्रमातही कोणी राहू नये.

प्रथम यंत्राचा वेग समजून घेतला पाहिजे. मिनिटाला ६० स्ट्रोक मारणाऱ्या प्रेसचा रॅम अर्ध्या सेकंदात खाली येतो. धोका डोळ्यांना दिसून हात मागे घेण्याची आज्ञा स्नायूंपर्यंत पोहोचण्यातच पाव सेकंदाच्या आसपास काळ जातो. हात प्रत्यक्ष बाहेर पडण्यास उरलेला वेळ पुरत नाही. हायस्पीड प्रेस तर मिनिटाला शेकडो स्ट्रोक मारते. कागद, कापड, रबर आणि प्लास्टिकच्या कारखान्यांतील रोलरांचीही हीच कथा. मिनिटाला १०० मीटर गतीने फिरणाऱ्या दोन रोलरांच्या फटीत बोटाचे टोक सापडले, तर पाव सेकंदात सुमारे ४० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ कोपरापर्यंतचा हात आत ओढला जातो. अशा गतीपुढे ‘सावधपणे काम करा’ हा फलक निरर्थक आहे. मानवी देहाच्या मर्यादेपलीकडची चपळाई कामगाराकडून अपेक्षिणे आणि ती न दाखवल्याबद्दल त्याच्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवणे हा अन्याय आहे. चौकशीच्या कागदांवर ‘कामगाराची चूक’ असे लिहिले की फाइल मिटते; प्रेस मात्र तशीच चालू राहते आणि पुढच्या हाताची वाट पाहते.

जुन्या यांत्रिक प्रेसचा घात तिच्या की-क्लचमध्ये आहे. पॅडल दाबले की क्लचची की फिरत्या फ्लायव्हीलमध्ये अडकते आणि एकदा अडकली की फेरा पूर्ण होईपर्यंत रॅम मध्येच थांबवता येत नाही. की झिजली, स्प्रिंग ढिली पडली, ब्रेक सैल झाला, तर पॅडलला पाय न लावताही रॅम पुन्हा खाली येतो. शॉपमध्ये त्याला ‘डबल स्ट्रोक’ म्हणतात. पहिला स्ट्रोक झाला म्हणून तयार नग काढण्यासाठी कामगाराने हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, घातलेला असतो आणि त्याच क्षणी दुसरा स्ट्रोक बसतो. त्याने सर्व काही नियमानुसार केलेले असते, तरीही त्याची बोटे जातात. अशा यंत्राची देखभाल लांबणीवर टाकणारा मालक बचत करत नसतो. तो दुसऱ्याच्या हातावर जुगार खेळत असतो.

उपाय गहन नाहीत. डायभोवती हात शिरणारच नाही अशी स्थिर जाळी बसवता येते. दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबावी लागतील अशी बटणे बसवता येतात. गार्ड उघडताच यंत्र बंद पडेल अशी इंटरलॉकची योजना करता येते. हात आडवा येताच रॅम जागीच थांबवणारा सेन्सरचा प्रकाशपडदा लावता येतो. मात्र त्यासाठी प्रेसला मध्येच थांबू शकणारा वायुदाबावरचा क्लच आणि भरवशाचा ब्रेक हवा. की-क्लचच्या प्रेसवर केवळ सेन्सर बसवून ऑडिटरला दाखवणे ही शुद्ध फसवणूक आहे, कारण सेन्सरने इशारा दिला तरी ती प्रेस थांबू शकत नाही. साफसफाई, डाय बदलणे आणि दुरुस्ती या वेळी वीज तोडून कुलूप लावावे, किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात असावी, फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यावे आणि रॅमखाली भक्कम ठोकळा द्यावा, एवढ्या शिस्तीनेही कित्येक हात वाचतात. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नव्या संशोधनाची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.

तरीही शॉपमध्ये जाऊन प्रेससमोर उभे राहिले की काय दिसते? दोन बटणांपैकी एक लाकडाच्या पाचरीने किंवा चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवलेले, म्हणजे एक हात नग उचलायला मोकळा. जाळी बोल्टांसह काढून भिंतीला टेकवलेली आणि तिच्यावर तेलकट धुळीचा थर. सेन्सरच्या वायरी परस्पर जोडून त्याला आंधळे केलेले. चिमटा किंवा चुंबकाची दांडी खिळ्याला टांगलेली, कारण तिने नग काढला तर तासाचे टार्गेट गाठता येत नाही. तपासणी येणार अशी कुणकुण लागली की पाचर निघते, जाळी चढते आणि तपासणीसाची गाडी फाटकाबाहेर पडताच पुन्हा उतरते. ही पाचर कामगाराने आपल्या लहरीखातर ठोकलेली नसते. ताशी नगांचे जे लक्ष्य त्याच्यासमोर ठेवले जाते, ते गार्ड लावून पूर्ण होणार नाही हे सुपरवायझरला, व्यवस्थापकाला आणि मालकाला पक्के ठाऊक असते.

ही साखळी मालकापाशीही थांबत नाही. मोठी वाहन कंपनी पुरवठादाराकडून दरवर्षी भाव कमी करून मागते. तो आपले काम त्याहून लहान शेडकडे लोटतो आणि अखेरच्या शेडकडे कापण्यासाठी सुरक्षेचा खर्च तेवढा उरतो. पुरवठादाराचे दहा लाखांत किती नग सदोष निघाले, याचा ‘पीपीएम’ हिशेब प्रत्येक खरेदीदार कंपनी काटेकोर ठेवते. तो नग बनवताना किती बोटे तुटली, याचा रकाना तिच्या तक्त्यात नसतो. मायक्रॉनमध्ये मोजमाप करणाऱ्या उद्योगाला तुटलेले बोट मोजता येत नाही, हे आम्ही मानणार नाही. ते मोजायचे नाही, असे ठरवलेले आहे. आणि मोठ्या कारखान्याने मोडीत काढलेली जुनी की-क्लचची प्रेस भंगारात न जाता लहान शेडमध्ये जाऊन बसते, तेव्हा तिच्यासोबत धोकाही पुरवठा साखळीच्या तळाशी उतरतो.

त्या तळाशी कोण उभा असतो? मराठवाडा-विदर्भातून, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातून आलेला, ठेकेदाराच्या हजेरीपटावर ‘हेल्पर’ म्हणून नोंदलेला आणि प्रत्यक्षात प्रेस चालवणारा विशी-पंचविशीतला मुलगा. त्याला प्रशिक्षण म्हणजे शेजारच्याने दोन-चार स्ट्रोक मारून दाखवणे. ‘सेफ इन इंडिया फाउंडेशन’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ या अहवालांतून वाहन-सुट्या भागांच्या उद्योगातील हे वास्तव मांडत आली आहे: जखमींत स्थलांतरित व कंत्राटी कामगारांचे प्राबल्य, बोटे तोडणाऱ्या यंत्रांत पॉवर प्रेस अग्रभागी आणि राज्य कामगार विम्याचे कार्ड अनेकांच्या हाती पडते ते अपघात झाल्यानंतर. बोटे शाबूत असताना ज्याचे अस्तित्व नोंदले गेले नाही, त्याचे नाव बोटे तुटल्यावर घाईघाईने कागदावर येते. असे हे मनुष्यबळाचे व्यवस्थापन! त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची दैनंदिन मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मान्यता दिली. एकाग्रता थकव्याने विरते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. अकराव्या तासाला डायमध्ये नग ठेवणारा हात पहिल्या तासाचा हात नसतो. रॅम मात्र त्याच वेगाने खाली येतो.

या हानीची व्याप्ती झाकण्याचे काम सरकारी आकडेच करतात. केंद्रीय नोंदींनुसार २०१७ ते २०२० या काळात देशातील नोंदणीकृत कारखान्यांत वर्षाला सरासरी १,१०९ मृत्यू झाले आणि ४ हजारांहून थोडे अधिक कामगार जखमी झाले. म्हणजे एका मृत्यूमागे जेमतेम चार जखमी. ब्रिटनमध्ये २०२३-२४ या वर्षी सर्व क्षेत्रे मिळून कामावर १३८ मृत्यू झाले आणि मालकांनी कळवलेल्या इजा ६१ हजारांच्या वर होत्या. एका मृत्यूमागे चारशेहून अधिक. नोंदीचे नियम आणि क्षेत्रे भिन्न असली तरी एवढी तफावत त्यातून निघत नाही. आपल्या कारखान्यांत कामगार जखमी न होता थेट मरण पावतात असे मानायचे नसेल, तर एकच निष्कर्ष उरतो: मृतदेह लपवता येत नाही म्हणून त्याची नोंद होते आणि तुटलेले बोट खाजगी दवाखान्यात, रोख रकमेत आणि ‘घरी पडला’ अशा जबानीत विरून जाते. जे मोजले जात नाही त्यावर अंदाजपत्रकात तरतूद होत नाही, विधिमंडळात प्रश्न उपस्थित होत नाही आणि कोणाची झोपही उडत नाही. खोट्या आकड्यांवर आखलेले सुरक्षाधोरण पुढचे अपघात रोखणार तरी कसे?

कायद्याचा इतिहास याहून लाजिरवाणा आहे. धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्याची तरतूद या देशात १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्यात होती. १९४८ च्या कायद्याच्या कलम २१ ने ती सविस्तर घातली. कलम २६ ने उघडी फिरती यंत्रे विकणाऱ्यालाही दोषी धरले. पण त्याची शिक्षा होती कमाल तीन महिने कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. प्रेसच्या एका डायची किंमत याच्या कित्येक पट असते. भारी उद्योग मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये यंत्रांच्या सुरक्षिततेचा आदेश काढला. तो वर्षभरात लागू व्हायचा होता, पण जून २०२५ मध्ये मुदत सप्टेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलली गेली. सज्जतेसाठी उद्योगाला वेळ मिळाला. त्या वाढीव काळात प्रेसवर बसणाऱ्याला मात्र कोणतीच मुदतवाढ मिळाली नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता अमलात आली. मृत्यू झाल्यास किमान पाच लाख आणि गंभीर इजा झाल्यास दोन ते चार लाख रुपये दंड, तसेच त्यातील निम्म्याहून कमी नाही इतकी रक्कम पीडिताला देववण्याचा न्यायालयाचा अधिकार, या तरतुदी स्वागतार्ह आहेत. पण याच संहितेने विजेवर चालणाऱ्या ‘कारखान्या’ची मर्यादा १० वरून २० कामगारांवर नेली. दहापेक्षा कमी कामगारांच्या शेड तर सर्वसाधारणपणे तिच्या कक्षेबाहेरच राहतात. सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन सामान्य कारखान्यात ५०० कामगार असतील तेव्हा लागू होते. तपासणी करणारा निरीक्षक आता ‘निरीक्षक तथा सुविधाकार’ झाला आहे. बोटे सर्वाधिक कोठे तुटतात? चार-पाच प्रेस, पंधरा माणसे आणि एक ठेकेदार असलेल्या शेडमध्ये. कायद्याचा प्रकाश जिथे सर्वात मंद, तिथेच यंत्र सर्वात उघडे, अशी ही रचना आहे.

भरपाईचा हिशेबही एकदा उघड्या डोळ्यांनी पाहावा. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या अनुसूचीत अंगठा गेला तर उत्पन्नक्षमतेची हानी ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेली तर १४, मधले बोट १२ आणि करंगळी किंवा अनामिका ७ टक्के असे दर लिहिलेले होते. राज्य कामगार विम्यात वेतनाच्या ९० टक्क्यांवर हे प्रमाण लावले जाते. महिना १५ हजार मिळवणाऱ्याची तर्जनी मुळापासून गेली, तर त्याला महिन्याला १,८९० रुपये मिळतील. प्रत्यक्षात तर्जनी गेलेल्या हाताला कोणतेही प्रेस शॉप ८६ टक्के काम देत नाही. ते त्याला फाटकातूनच परत पाठवते. या मातीत हा प्रश्न नवा नाही. १८८४ मध्ये कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. त्यात कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण वेतन आणि कायमचे अपंगत्व आल्यास उपजीविकेची तरतूद, ही मागणी होती. त्यांनी मागितलेला रविवारचा विसावा १८९० मध्ये मिळाला. उपजीविकेची हमी कंत्राटी कामगाराला आजही पूर्णपणे मिळालेली नाही.

आता या उपेक्षेची किंमत क्रमाने मांडू. पहिला आघात कुटुंबावर होतो. कमावता मुलगा गावी परततो. उपचार आणि कर्ज यांचा भार म्हाताऱ्या आईबापांवर पडतो, धाकट्या भावाचे शिक्षण सुटते आणि तोच भाऊ काही दिवसांनी दुसऱ्या एखाद्या शेडमध्ये प्रेससमोर उभा राहतो. दुसरा आघात कौशल्यावर होतो. प्रेसवर हात बसायला काळ लागतो. तो बसण्यापूर्वीच तोडून टाकणाऱ्या उद्योगाला कुशल कारागीर कधीच मिळणार नाहीत. ‘माणसे मिळत नाहीत’ ही कारखानदारांची तक्रार आज सर्वत्र ऐकू येते. गावात बोटे गमावून परतलेला एक तरुण दहा जणांना शहराकडे पाठ फिरवायला लावतो, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. तिसरा आघात व्यापारावर होईल. पुण्याच्या परिसरात जर्मन कंपन्यांचे मोठे जाळे आहे आणि पुरवठा साखळीतील मानवी हक्कांची दक्षता घेण्याचा जर्मनीचा कायदा १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेला आहे. आज स्वस्त वाटणारा सुटा भाग उद्या खरेदीदारालाच परवडेनासा होईल, तेव्हा सुरक्षेवर वाचवलेले पैसे रद्द झालेल्या ऑर्डरच्या रूपाने व्याजासह परत करावे लागतील. चौथा आघात सर्वात खोल आहे. तरतुदी पुस्तकात आणि जाळी भिंतीला, हे रोज पाहणाऱ्या कामगाराचा कायद्यावरचा विश्वास उडतो आणि असा विश्वास गमावलेल्या मनुष्यबळावर उत्पादनक्षेत्रातील जागतिक नेतृत्वाचे स्वप्न उभे राहत नाही.

म्हणून उपाययोजना आजच हवी आणि ती यंत्राशी निगडित हवी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने राज्यातील प्रत्येक पॉवर प्रेसची, ती पाच कामगारांच्या शेडमध्ये असली तरी, गणना करून तिला क्रमांक द्यावा. ज्यांत हाताने नग भरले जातात अशा की-क्लच प्रेस ठरावीक मुदतीत बाद कराव्यात, त्यांच्या पुनर्विक्रीवर बंदी घालावी आणि लहान उद्योजकाला सुरक्षित क्लच-ब्रेकसाठी कमी व्याजाचे कर्ज द्यावे. तो बुडावा अशी आमची इच्छा नाही, पण त्याचा तोल कामगाराच्या बोटांवर सावरला जाऊ नये. धोकादायक काम चालणाऱ्या आस्थापनांना कामगारसंख्येची अट न लावण्याचा अधिकार संहितेने केंद्र सरकारला दिलेला आहे. पॉवर प्रेस आणि उघडे रोलर यांच्यासाठी तो तत्काळ वापरावा. राज्य विमा रुग्णालयांत दाखल होणारे प्रत्येक तुटलेले बोट त्याच दिवशी संचालनालयाला कळावे आणि ज्या प्रेसने ते तोडले, ती दुरुस्तीचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत सीलबंद राहावी. वाहन कंपन्यांनी पुरवठादारांच्या ‘पीपीएम’शेजारी इजांचा रकाना सक्तीने ठेवावा आणि गार्डचा खर्च भावात मान्य करावा. गार्ड नसलेली प्रेस चालवण्यास नकार देणाऱ्याला नोकरीचे संरक्षण मिळावे. कामगार संघटनांनीही कायम कामगारांच्या वेतनकरारापलीकडे पाहून फाटकाआतल्या कंत्राटी मुलाला आपला मानावे.

१९६६ मध्ये ४ मार्च रोजी नॅशनल सेफ्टी कौन्सिलची स्थापना झाली. तो दिवस दरवर्षी राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो, शपथा घेतल्या जातात, घोषवाक्यांना बक्षिसे मिळतात. शपथेसाठी उचललेल्या हातांत किती बोटे शिल्लक आहेत, हे त्या दिवशी मंचावरच्यांनी मोजावे. उद्योगमंत्री, कामगारमंत्री, कारखानदारांच्या संघटना आणि मोठ्या वाहन कंपन्यांचे संचालक यांच्यासमोर निवड स्पष्ट आहे. जाळी, क्लच आणि सेन्सर यांचा खर्च आज करता येईल. किंवा तोच खर्च टाळून कामगार, कौशल्य, बाजारपेठ आणि कायद्याची प्रतिष्ठा एकेक करून गमावता येईल. यंत्राचा वेग दरवर्षी वाढत आहे. त्या वेगाला आवर घालणारी यंत्रणा त्याच गतीने उभी राहिली नाही, तर येत्या काळात तुटणाऱ्या प्रत्येक बोटाची जबाबदारी, ठाऊक असूनही गप्प बसलेल्या या सर्वांवर नावानिशी येईल.